नशेतल्या चालकाची तपासणी: फुंकरीपासून प्रयोगशाळेपर्यंत, टप्प्याटप्प्याने

माझं काम प्रयोगशाळेतलं. नमुन्याचं पाकीट माझ्या टेबलावर येतं तेव्हा रस्त्यावर जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. इतकी पाकिटं उघडल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे: श्वासतपासणीचं यंत्र क्वचितच दगा देतं. घोळ होतो तो त्यात फुंकर मारण्याआधीच्या पंधरा मिनिटांत आणि रक्त काढल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

एक बाटली अजून डोळ्यांसमोर आहे. सील व्यवस्थित, सही ठळक. टोपण उघडलं तर तळाशी रक्त टिकवणारी पांढरी पूड जशीच्या तशी बसलेली आणि तिच्यावर रक्ताची काळपट, घट्ट गुठळी. रक्त घेणाऱ्याने बाटली एकदाही उलटीसुलटी केली नव्हती. सोबतच्या फॉर्मवर अपघाताची वेळ 10:00, फुंकरीची वेळ 10:00 आणि रक्त घेतल्याची वेळही 10:00. त्या चालकाबद्दल मला खात्रीने काहीच सांगता आलं नाही. त्याने दारू प्यायली असेल तर तो सुटला; प्यायली नसेल तर त्याच्यावरचा संशय तसाच राहिला.

रस्त्यावर तपासणी करणारे, रक्त घेणारे डॉक्टर आणि नर्स, वाहनताफ्याची सुरक्षा सांभाळणारे अशा सगळ्यांसाठी हा क्रम लिहितो आहे. कायद्यातली कलमं आणि मर्यादा देशोदेशी वेगळ्या असतात, त्या आपापल्या ठिकाणच्या पाहा. नमुना कसा घ्यायचा हे मात्र सगळीकडे बरंचसं सारखंच आहे.

टप्पा 1: कामावर निघण्यापूर्वी

आधी घड्याळं जुळवा. श्वासतपासणी यंत्राचं घड्याळ, तुमच्या हातातलं घड्याळ आणि फॉर्म भरणाऱ्याचा मोबाइल या तिघांत सात मिनिटांचा फरक असेल, तर पुढे तुमची एकही वेळ कोणी खरी मानणार नाही. यंत्राचं घड्याळ बहुतेक वेळा मागे पडलेलं असतं आणि ते कोणी पाहिलेलंच नसतं.

मग यंत्र पाहा. कॅलिब्रेशनची (यंत्राचा आकडा प्रमाणाशी जुळवून घेण्याची) मुदत संपलेली नाही ना? स्वच्छ हवेवर रीडिंग शून्य येतं ना? ठरावीक प्रमाणाचा गॅस किंवा द्रावण देऊन यंत्र अपेक्षित आकडा दाखवतं का? द्रावणाचं उपकरण वापरत असाल तर त्याचं तापमान 34 अंश सेल्सिअसवर स्थिर झाल्याशिवाय तपासणी करू नका. श्वासाचं तापमान साधारण तेवढंच धरलेलं असतं, त्यामुळे द्रावण थंड असेल तर आकडा कमी दिसतो. बंद गाडीत उन्हात तापलेलं किंवा रात्रभर गारठलेलं यंत्र तसंच काढून वापरू नका.

रक्ताच्या किटमध्ये पाहायच्या गोष्टी: राखाडी टोपणाच्या नळ्या (आत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झॅलेट), अल्कोहोल नसलेलं जंतुनाशक, लेबल, सील, फॉर्म, हातमोजे आणि प्रत्येक वस्तूवरची मुदत.

*इशारा:* रक्तातली साखर तपासायची नळीही राखाडी टोपणाचीच असते, पण तिच्यात फ्लोराइड कमी असतं. अल्कोहोलच्या नमुन्यात ते साधारण 1 टक्का, म्हणजे 1 मिलिलिटर रक्ताला 10 मिलिग्रॅम लागतं. टोपणाचा रंग पाहून नळी उचलू नका, लेबल वाचा.

टप्पा 2: आधी माणूस, मग संशयित

अडखळत बोलणं, तोल जाणं, प्रश्नाला भलतंच उत्तर. हे सगळं दारूने होतं, तसंच रक्तातली साखर घसरल्यानेही होतं. डोक्याला मार, पक्षाघात, नुकतीच येऊन गेलेली फिट, गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड यांतही माणूस हुबेहूब प्यायल्यासारखाच दिसतो. तोंडाला वास आला म्हणून बाकीच्या शक्यता संपत नाहीत. प्यायलेल्या माणसाच्या डोक्यालाही मार बसू शकतो, आणि अशाच माणसाला “झोपू दे, सकाळी उतरेल” म्हणून कोपऱ्यात बसवलं जातं.

म्हणून शुद्ध, श्वास आणि जखमा पाहा. बोटाला टोचून साखर तपासायची सोय असेल तर तपासा. गडबड वाटली तर थेट रुग्णालयात न्या. नमुना तिथेही घेता येतो. उपचार थांबवून नमुना घेऊ नका. मधुमेह, फिट, नेहमीची औषधं आणि शेवटचा डोस कधी घेतला, हे आत्ताच विचारून लिहून ठेवा. दोन तासांनी तो माणूस बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.

टप्पा 3: जे दिसलं ते लिहा

“चालक दारूच्या नशेत होता” या वाक्याला पुरावा म्हणून काही किंमत नाही, कारण तो तुमचा निष्कर्ष आहे. “दार धरून उतरला, परवाना मागितला असता पाकिटातून तीन वेळा दुसरंच कार्ड काढलं, डोळे तांबारलेले, बोलताना जीभ जड” हे निरीक्षण आहे. निरीक्षणं लिहा, निष्कर्ष वाचणारा काढेल. अमली पदार्थांच्या बाबतीत तर हा कागद रक्ताच्या अहवालाइतकाच महत्त्वाचा ठरतो. का ते टप्पा 6 मध्ये येईल.

शारीरिक चाचण्या घेत असाल तर प्रमाणित पद्धतीनेच घ्या. अमेरिकेतल्या नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने ठरवून दिलेल्या तीन चाचण्या अनेक ठिकाणी वापरल्या जातात.

पहिली नजरेची. चष्मा काढायला सांगा, पेन डोळ्यांपासून 30 ते 38 सेंटिमीटरवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा किंचित वर धरा, डोकं न हलवता नजरेने पेनामागे यायला सांगा. बुबुळ सरळ न सरकता झटके घेत जातं का, नजर टोकाला नेल्यावर ठळक थरथरतं का, 45 अंशांच्या आतच थरथर सुरू होते का, हे दोन्ही डोळ्यांत पाहायचं. सहापैकी चार खुणा दिसल्या तर चाचणी संशयास्पद.

दुसरी चालण्याची. टाचेला चवडा लावून सरळ रेषेत नऊ पावलं, ठरलेल्या पद्धतीने वळण, परत नऊ पावलं. आठपैकी दोन खुणा पुरेत.

तिसरी एका पायावर उभं राहण्याची. दुसरा पाय जमिनीपासून साधारण 15 सेंटिमीटर वर, 30 सेकंद, मोठ्याने मोजत. चारपैकी दोन खुणा.

सगळ्यात जास्त चुका नजरेच्या चाचणीत होतात, कारण पेन घाईने फिरवलं जातं. वेग जास्त असेल तर शुद्धीतल्या माणसाची नजरही धड मागे येत नाही. आणखी एक: चमकणाऱ्या दिव्याकडे किंवा धावत्या वाहनांकडे तोंड करून कोणाला उभं करू नका.

*तपासून पाहा:* वय 65 च्या वर, पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास, जास्त वजन, उंच टाचा, खडबडीत किंवा ओली जमीन. यांपैकी काहीही असेल तर तोल पाहणाऱ्या दोन चाचण्यांवर भर देऊ नका, आणि ती अडचण कागदावर नोंदवा.

टप्पा 4: पंधरा मिनिटांची वाट

सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच.

श्वासतपासणीला हवी असते फुप्फुसाच्या खोलातली हवा. तिथे रक्तातलं अल्कोहोल हवेत उतरतं. पण नुकताच घोट घेतला असेल, माउथवॉशने चूळ भरली असेल, खोकल्याचं औषध घेतलं असेल किंवा ढेकर येऊन पोटातलं तोंडात आलं असेल, तर तोंडातच अल्कोहोल असतं आणि आकडा भलताच चढतो. हे तोंडातलं अल्कोहोल साधारण पंधरा मिनिटांत निघून जातं. म्हणून पुराव्यासाठीच्या फुंकरीआधी पूर्ण पंधरा मिनिटं त्या माणसाने काही खायचं नाही, प्यायचं नाही, ओढायचं नाही, तोंडात काही ठेवायचं नाही. काही ठिकाणी वीस मिनिटं ठरलेली असतात, तिथे वीस.

आणि ही पंधरा मिनिटं तुम्ही समोर बसून पाहायची असतात. गाडीच्या मागच्या सीटवर त्याला बसवून पुढे फॉर्म भरत बसणं म्हणजे पाहणं नव्हे. ढेकर आली, उलटी झाली तर घड्याळ परत शून्यावर. पुन्हा पंधरा मिनिटं. यात कुरकुर होते, मागे रांग असते, वरिष्ठांचा फोन येतो. तरीही थांबा. ही पंधरा मिनिटं नोंदीत नसतील तर आकड्यावर पहिला हल्ला इथेच होतो, आणि तो रास्तच असतो.

*इशारा:* हाताला सॅनिटायझर लावून लगेच माउथपीस उघडू नका. त्याची वाफ यंत्राला कळते. हात पूर्ण वाळू द्या किंवा हातमोजे घाला.

टप्पा 5: फुंकर

नवं माउथपीस त्या माणसासमोर पाकिटातून काढा. स्वच्छ हवेवर यंत्र शून्य दाखवतं का ते पाहा. मग एकसारखी, लांब फुंकर मारायला सांगा, यंत्र थांबायला सांगेपर्यंत. जोर महत्त्वाचा नाही, लांबी महत्त्वाची. आखूड फुंकरीत वरवरची हवा येते आणि आकडा कमी दिसतो. श्वास बराच वेळ रोखून मारलेली फुंकर आकडा वाढवते, भराभर श्वास घेऊन मारलेली कमी करते. म्हणून साधा श्वास घ्यायला सांगायचं आणि लगेच फुंकर.

पुराव्यासाठी दोन फुंकरी घ्या, मध्ये यंत्राला पुन्हा स्वच्छ हवा द्या. दोन आकड्यांत तुमच्या नियमाने ठरवलेल्यापेक्षा जास्त फरक आला तर तोंडातलं अल्कोहोल किंवा सदोष फुंकर हे कारण असू शकतं. पुन्हा वाट पाहा, पुन्हा घ्या. चांगला वाटणारा आकडा निवडून दुसरा टाकून देऊ नका, दोन्ही लिहा.

हातातलं छोटं यंत्र आणि पुराव्याचं यंत्र यांत गल्लत करू नका. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर इतर वाफांनाही प्रतिसाद देतो. फ्युएल सेलवर (अल्कोहोलच्या रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणाऱ्या सेन्सरवर) ॲसिटोनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून मधुमेह्याच्या श्वासातल्या ॲसिटोनने तो सहसा फसत नाही, पण मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल त्याला कळतं. रस्त्यावरचा आकडा पुढची तपासणी करायची की नाही एवढं सांगतो.

दमा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्याला लांब फुंकर जमत नाही. तीन वेळा प्रयत्न फसला म्हणून लगेच “नकार दिला” असं लिहू नका. रक्ताकडे वळा.

एककांबद्दल. श्वासाचा आकडा श्वासाचा असतो, रक्ताचा रक्ताचा. एकातून दुसरा काढताना गुणोत्तर धरावं लागतं: अनेक ठिकाणी 2100 ला 1, ब्रिटनमध्ये 2300 ला 1. रक्तातल्या 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅमसाठी श्वासाचा आकडा पहिल्या गुणोत्तराने 100 मिलिलिटर श्वासाला साधारण 38 मायक्रोग्रॅम येतो, दुसऱ्याने 35. रक्तातली मर्यादाही एक नाही: भारतात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम, युरोपातल्या अनेक देशांत 50, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत 80. फॉर्मवर आकड्यापुढे एकक लिहिलं नसेल तर तो आकडा वाचताच येत नाही.

टप्पा 6: लाळ, जेव्हा दारूने उलगडा होत नाही

माणूस स्पष्टपणे नशेत, पण फुंकर शून्य किंवा अगदी कमी. इथे अमली पदार्थ किंवा औषधांचा विचार करा. लाळेची पट्टी गांजा, कोकेन, ॲम्फेटॅमिन, अफूवर्गीय पदार्थ, बेन्झोडायझेपिन (झोपेची आणि चिंता कमी करणारी औषधं) अशा ठरावीक गटांसाठीच असते. आधी दहा मिनिटं तोंडात काही नको. गांजा किंवा उत्तेजक घेतलेल्याचं तोंड कोरडं पडतं, पट्टी भरायला वेळ लागतो. निशाणी पूर्ण रंगेपर्यंत ती काढू नका, पाणी तर अजिबात देऊ नका.

पट्टीचा निकाल शेवटचा मानू नका. सर्दीच्या काही औषधांनी ॲम्फेटॅमिनची पट्टी फसते. उलट बाजूने, अफूवर्गीय पट्टी फेंटानिल (प्रयोगशाळेत बनवलेलं तीव्र वेदनाशामक) पकडत नाही, गांजाची पट्टी कृत्रिम कॅनाबिनॉइड (गांजासारखा परिणाम करणारी बनवलेली रसायनं) पकडत नाही. पट्टी कोरी आली याचा अर्थ त्या यादीतलं काही सापडलं नाही, एवढाच.

लघवीचा नमुना इथे मागवला जातो, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष जवळजवळ नेहमी चुकीचा असतो. गांजापासून शरीरात बनणारा निष्क्रिय पदार्थ लघवीत काही दिवस, नेहमी ओढणाऱ्यात काही आठवडे सापडतो. गेल्या आठवड्यात ओढलं होतं आणि आत्ता गाडी चालवताना नशेत होता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारूच्या बाबतीत रक्तातला आकडा आणि बिघडलेलं भान यांचं नातं बरंच पक्कं आहे. बहुतेक अमली पदार्थांच्या बाबतीत तसं नाही. म्हणूनच टप्पा 3 मधलं निरीक्षण, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत की विस्फारलेल्या, नाडी किती, हे सगळं अहवालाच्या शेजारी लागतं.

टप्पा 7: रक्त

लवकर घ्या. अल्कोहोल शरीरातून तासाला साधारण 10 ते 25 मिलिग्रॅम प्रति 100 मिलिलिटर या वेगाने कमी होतं. गांजातला सक्रिय घटक तर पहिल्या काही तासांतच झपाट्याने उतरतो. दोन तास उशीर म्हणजे निम्मा पुरावा गेला असं समजा.

1. त्वचा पुसायला स्पिरिटचा बोळा वापरू नका. अल्कोहोल नसलेलं पोव्हिडोन आयोडीन किंवा नुसतं निर्जंतुक पाणी वापरा, आणि काय वापरलं ते फॉर्मवर लिहा. क्लोरहेक्सिडिनच्या अनेक बाटल्यांत अल्कोहोल असतं, तेव्हा बाटलीही वाचा. स्पिरिटने आकडा किती बिघडतो यापेक्षा, तो वापरला गेला ही शंकाच नमुना बाद करायला पुरते.
2. सलाइन लावलेल्या हातातून रक्त घेऊ नका, दुसऱ्या हातातून घ्या.
3. नळी खुणेपर्यंत भरा. वर मोकळी जागा जितकी जास्त, तितकं अल्कोहोल त्या हवेत जातं. दोन नळ्या भरा, दुसरी फेरतपासणीसाठी.
4. टोपण लावताच नळी आठ ते दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा. घुसळू नका. तळाची पांढरी पूड दिसेनाशी झाली पाहिजे. ऑक्झॅलेट रक्त गोठू देत नाही आणि फ्लोराइड जंतूंना थोपवतं. फ्लोराइड मिसळलं नाही तर साठवणीत यीस्ट आणि जंतू साखरेपासून अल्कोहोल बनवूही शकतात आणि असलेलं संपवूही शकतात. कोकेनसुद्धा फ्लोराइडशिवाय नळीतच विघटत राहतं.
5. नळीवर लेबल त्या माणसासमोरच लावा: नाव, तारीख, वेळ मिनिटासकट, घेणाऱ्याची सही. लेबल आधी लिहून ठेवलेल्या नळ्या वापरू नका. रात्रीत चार जण आले की अदलाबदल अशीच होते.

*तपासून पाहा:* नळी प्रकाशासमोर तिरपी धरा. रक्त सहज ओघळलं पाहिजे. तळाशी पांढरं काही दिसलं तर अजून उलटीसुलटी करा.

रुग्णालयाने उपचारासाठी आधीच रक्त घेतलेलं असतं आणि “तोच रिपोर्ट वापरू” असं सुचवलं जातं. जपून. रुग्णालयात बहुतेक वेळा सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग) तपासतात आणि सीरममधला आकडा पूर्ण रक्तापेक्षा साधारण 12 ते 18 टक्के जास्त येतो. शिवाय तिथली एन्झाइमवर चालणारी पद्धत गंभीर जखमींमध्ये वाढलेल्या लॅक्टेटमुळे (ऑक्सिजन कमी पडला की शरीरात साचणाऱ्या पदार्थामुळे) फसू शकते. तो अहवाल उपचारासाठी ठीक, पुराव्यासाठी वेगळा नमुना घ्या.

टप्पा 8: सील आणि प्रवास

सील टोपणावरून नळीच्या दोन्ही बाजूंना खाली उतरलं पाहिजे, म्हणजे ते फाटल्याशिवाय टोपण निघणार नाही. नुसतं पाकीट सील करून नळी उघडी ठेवणं चालत नाही. नमुना 2 ते 8 अंशांत, कुलूपबंद फ्रिजमध्ये ठेवा. लाखेचं सील असेल तर ती नळीच्या काचेवर गरम ओतू नका.

हातातून हातात जाताना प्रत्येकाने नाव, वेळ, सही. “ऑफिसमध्ये ठेवला” ही नोंद नाही. कोणाच्या ताब्यात, कोणत्या कपाटात, चावी कोणाकडे, हे लिहा. रात्रभर कोणाच्या तरी दुचाकीच्या डिकीत राहिलेला नमुना मी पाहिला आहे.

टप्पा 9: प्रयोगशाळेला काय सांगायचं

फॉर्मवर नुसतं “अल्कोहोल व ड्रग्ज” असं लिहून पाठवू नका. कशाची शंका आहे, काय दिसलं, गाडीत काय सापडलं, कोणती औषधं सुरू आहेत हे सांगा. आमची पहिली चाळणी ठरावीक गटांची असते, त्यात क्लोनाझेपामसारखी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं निसटू शकतात. सुगावा मिळाला तर आम्ही मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या पद्धतीने) नेमकं तेच शोधतो. अल्कोहोलसाठी हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी (नमुन्यावर जमलेली वाफ घेऊन तिच्यातले पदार्थ वेगळे करायची पद्धत) करतो, तीत मिथेनॉल, ॲसिटोन आणि इथेनॉल वेगवेगळे दिसतात. अहवालात दोनदा केलेल्या मोजणीचे आकडे आणि अनिश्चितता दिलेली असावी. नसेल तर मागा.

शेवटी मागे जाणारी आकडेमोड. रक्त 11:40 ला घेतलं, अपघात 9:50 ला, तर अपघाताच्या वेळी किती होतं? आम्हाला हे नेहमी विचारतात. शरीरात अल्कोहोल अजून मुरत असेल तर मागे जाऊन काढलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. भरल्या पोटी प्यायलेल्याचा आकडा शिखराला पोचायला दोन तासही लागू शकतात. म्हणून शेवटचा घोट केव्हा घेतला, जेवला होता का, अपघातानंतर काही प्यायला का, हे तीन प्रश्न रस्त्यावरच विचारा आणि उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. उत्तर मिळालं नाही तर “विचारलं, सांगितलं नाही” आणि त्यापुढे वेळ लिहा.